सर्जानं खाल्लेली दोरी

आमच्या घरात एक गोष्ट पस्तीस वर्षं खरी म्हणून चालली. 1974 च्या चैत्रात ऊसतोडीहून गावाकडं येताना आमच्या सर्जा बैलानं बाईची गाठींची दोरी खाल्ली, आणि म्हणून मुकादमाकडचे आमचे पैसे बुडाले, ही ती गोष्ट. बाई म्हणजे माझी आई. आमच्या आष्टी तालुक्यात तेव्हा बऱ्याच घरांत आईला बाईच म्हणायचे. वडील त्या बैलाला शेवटपर्यंत शिव्या देत राहिले. पुढं बैल विकला तेव्हा घेणाऱ्यालाही त्यांनी बजावलं होतं, "सुतळीबितळी लांब ठेवत जा. ह्याला खोड हाय."

बैलानं दोरी खाल्ली नव्हती. हे बाईनं मला 2009 साली सांगितलं. तेव्हा ऐकून मी हसलो होतो. ती इतकी वर्षं खोटं का बोलली असेल हे मात्र मला कळलं 2024 च्या एप्रिलमध्ये, अडीच वर्षांच्या नातीला एकटाच गाडीत घालून चाकणला घेऊन गेलो तेव्हा. म्हणून दोन्ही प्रवास एका ठिकाणी लिहितो. मी इतिहासाचा अभ्यासक नाही, दहावी झालेला शेतकरी आहे. पण कारखान्यांच्या इतिहासात गाळप किती झालं, उतारा किती पडला, चेअरमन कोण होते हे सगळं असतं. फडावर जाताना लेकरं कशी नेली, हे त्यात मला कधी दिसलं नाही.

आधी ती वाट कशी पडली ते सांगतो. भंडारदऱ्याचं धरण 1926 ला पुरं झालं आणि प्रवरेच्या पाटानं नगरच्या उत्तरेची जमीन ओली झाली. तिथं ऊस झाला. 1950 साली लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांच्या साथीनं सहकारी कारखाना उभा केला, आणि मग साठ-सत्तरच्या दशकांत एकामागं एक कारखाने झाले. ऊस झाला, धुराडी झाली, पण एवढा ऊस तोडायचा कुणी? तोडणारे आमच्या बाजूला होते. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, इकडं पाथर्डी, जामखेड. बालाघाटाचा उघडा माळ, पाऊस बेताचा. खरिपाची बाजरी घरात आली की दिवाळीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत हाताला काम नाही. मुकादम दसऱ्याच्या आधीच गावात येऊन उचल वाटायचा. उचल घेतली की माणूस बांधला गेला. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हिशेब कोयत्याचा. त्या कोयत्याबरोबर कडेवर आलेलं लेकरू कुठल्याच हिशेबात नाही.

आमचं घर त्या वाटेला लागलं ते 1972 च्या दुष्काळामुळं. त्याआधी वडील फक्त घरची जमीन करत. दुष्काळात बाई आणि वडील दोघंही खडी फोडायला गेले. सुखडी खाल्ली, अमेरिकेचा तांबडा मिलो खाल्ला. माझा धाकटा भाऊ त्याच वर्षी झाला. त्या दोन वर्षांत बाईच्या अंगावरची चांदी गेली ती बैल जगवण्यात. पुष्कळांची जनावरं गेली, आमची बैलजोडी राहिली, सर्जा आणि पाखऱ्या. आणि बैल राहिले म्हणूनच 1973 च्या दसऱ्याला मुकादम आमच्या दारात आला. ज्याच्याकडं गाडी-बैल त्याला उचल जास्त.

मी बारा वर्षांचा, सातवीला. मला शाळेसाठी आजीपाशी ठेवलं. धाकटा अंगावर पिणारा, तो बरोबर गेला. गाडी निघाली तो दिवस मला स्पष्ट आठवतो. टायरच्या गाड्या तेव्हा काही ठिकाणी आल्या होत्या, पण आमची गाडी घरची, लाकडी चाकांची, लोखंडी धाव बसवलेली. तिच्यात बाजरीचं पोतं, चूल, तवा, दोन गोधड्या, डालग्याखाली तीन कोंबड्या, आणि या सगळ्याच्या मध्ये भाऊ बसलेला. टोळीच्या अकरा गाड्या एकामागं एक निघाल्या. भाऊ हसत होता.

कारखान्याचं नाव लिहीत नाही. नगरच्या उत्तरेला, राहुरीच्याही पुढं, एवढं पुरे.

फडावरच्या दिवसांचं मी फार लिहिणार नाही. पाचटाच्या कोप्या, पहाटे तीनला उठणं, मोळ्या, वजनकाट्यावर रात्र-रात्र गाड्यांची रांग, हे आता बऱ्याच जणांनी लिहिलं आहे. फाल्गुनात भरल्या गाडीचं चाक वडलांच्या पायावरून गेलं. घोट्यापाशी हाड मोडलं. चुलत्यांनी त्यांना आधी नगरच्या दवाखान्यात नेलं आणि मग एसटीनं गावी आणलं. बाई मागंच राहिली. उचल फिटली नव्हती. टोळीत एक विधवा बाई होती, तिच्याशी तिनं जोड लावली आणि दोन बायकांचा एक कोयता चालवला. तोडायचं दोघींनी, गाडी कारखान्यावर न्यायची बाईनं. बायकांनी भरली गाडी हाकायची तेव्हा रीत नव्हती. काट्यावर लोक बघायला गोळा व्हायचे, असं ती सांगायची.

बाईला लिहिता येत नव्हतं. तिनं खेपा मोजल्या त्या सुतळीच्या दोरीवर. एक खेप, एक गाठ. दहा झाल्या की दुहेरी गाठ. ही दोरी ती कनवटीला ठेवायची. वडील होते तोवर वडलांच्या तोंडी मोजणीशी ती जुळवून घ्यायची, नंतर एकटीच.

चैत्रात पट्टा पडला. मुकादमानं वही काढली तर वहीत बाईच्या दोरीपेक्षा अठरा खेपा कमी. त्यामुळं उचल फिटायच्या ऐवजी अंगावर बाकी निघाली. बाई अडून बसली. दोन दिवस मुकादम आज बघू, उद्या बघू करत राहिला. बाकीच्या गाड्या थांबेनात, त्यांच्या बैलांचं वाढं संपत आलं होतं. त्या गेल्या. शेवटी मुकादम म्हणाला, "अक्षय तृतीयेला गावाकडं चार लोकांत बसू. तुझी ती दोरी घेऊन ये." त्यात सर्जाची पत्री निघाली. नालबंद गाठून ती मारून घेण्यात आणखी एक दिवस गेला. म्हणजे बाई टोळीच्या तीन दिवस मागं पडली. जवळ एक गाडी, दोन बैल, दोन वर्षांचं लेकरू, आणि ती दोरी.

एसटीनं का आली नाही, असं आजची पोरं विचारतात. महाराष्ट्रातली पहिली एसटी 1 जून 1948 ला धावली ती नगर-पुणे रस्त्यावरच, आमच्या नगरचा त्याबद्दल अभिमान असतो. एसटीत लहान लेकराला तिकीट पडत नाही हेही खरं. पण एसटीत बैलांना जागा नव्हती. आणि दुष्काळात अंगावरची चांदी मोडून जगवलेले बैल ती कुणाच्या भरवशावर सोडणार होती?

पाच रात्रींचा प्रवास. शंभराच्या वर किलोमीटर. उन्हाचं चालता येत नव्हतं, म्हणून ती दिवस मावळताना जुंपायची आणि सकाळी नऊच्या आत सोडायची. दिवसा झाडाखाली. रात्री एकटी बाई आहे हे लांबून कळू नये म्हणून तिनं वडलांचा पटका डोक्याला गुंडाळला होता. कुणी हाक दिली तर उत्तर न देता खाकरायची. लेकराला काही उपाय नव्हता, ते मध्येच मोठ्यानं "बाई" म्हणून रडायचं आणि सोंग उघडं पडायचं.

लेकराला काय दिलं, कसं ठेवलं, हे मी तिला खोदून खोदून विचारलं होतं. ज्वारीच्या लाह्या आणि गूळ, एका पिशवीत. पाणी घागरीत. अंगावर अजून पीत होतं, त्याचा मोठा आधार. लुगड्याची लांब पट्टी फाडून तिनं तिचं एक टोक लेकराच्या कमरेला आणि दुसरं गाडीच्या उभारीला बांधलं होतं. पट्टी एवढीच लांब की त्याला गाडीभर रांगता यावं, पण खाली पडता येऊ नये. ते कशाला भ्यायचं नाही. ट्रकचे दिवे आले की टाळ्या वाजवायचं. बैल थांबले की "हाल, हाल" करायचं. दिवसा मात्र बाईला झोप मिळेना, कारण ती आडवी झाली की हे उठायचं. बैलांच्या पायांत जायचं, चुलीत हात घालायचं. सारी रात्र गाडी हाकायची आणि सारा दिवस लेकराच्या मागं फिरायचं. विळदचा घाट तिसऱ्या रात्री चढला. नगर शहर पहाटे ओलांडलं, भिंगारला लष्कराच्या गाड्यांची रांग आडवी आली आणि पाखऱ्या बुजला, तो खाली उतरून धरावा लागला. तोवर बाईला तीन दिवस म्हणावी अशी झोप नव्हती.

घरात सांगितली गेलेली गोष्ट अशी, की चौथ्या दिवशी चिचोंडी पाटीलच्या अलीकडं गाडी सोडली, बाईनं गाडीत दोरी ठेवून भाकरी थापायला घेतली, आणि सर्जानं तोंड घालून दोरी चघळली. अक्षय तृतीयेला बैठक झाली. मुकादमानं वही ठेवली, बाईपाशी दाखवायला काही नव्हतं. लोक हसले. बाकी कायम राहिली. ती फेडायला पुढचा हंगाम गेला, त्यावर नवी उचल, मग त्याच्या पुढचा. 1977 ला मी दहावी पास झालो. त्या वर्षीच्या दिवाळीला मीही कोयता घेऊन गेलो आणि पुढं चार हंगाम गेलो. दोरी असती तर हे सगळं टळलं असतं का? सुतळीपुढं वही हरल्याचं मी तरी कुठं बघितलं नाही. पण वडलांना ते तसं वाटत होतं, आणि बिचाऱ्या सर्जानं त्याचे बोल खाल्ले.

खरी हकीकत बाईनं सांगितली ती थंडीत, अंगणात उन्हाला बसलो असताना. भाऊ सदतीस वर्षांचा झाला होता, ट्रॅक्टरनं ऊस वाहत होता. कशावरून तरी तो म्हणाला, "सर्जानं दोरी खाल्ली नसती तर दादा मास्तर झाला असता." तो गेल्यावर बाई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सर्जाला किती दिस बोल लावायचा. मेलं ते जनावर." आणि सांगितलं.

भिंगार सोडल्यावर पुढच्या रात्री तिला गाडीवरच झोप लागली. किती वेळ, तिला माहीत नाही. बैल आपले चालत राहिले असणार. जाग आली ती गाडी थांबल्यामुळं. बैल रस्त्याच्या कडेला उभे, झुंजुमुंजू झालेलं, आणि गाडीत लेकरू नाही. ते बाहेर लोंबत होतं. साटीवरून ओणवं होऊन खाली काही टाकता टाकता ते घसरलं होतं आणि लुगड्याच्या पट्टीनं चाकाच्या पुढं अधांतरी अडकलं होतं. रडत नव्हतं. दमलं होतं. बैल का थांबले, हे बाईला शेवटपर्यंत कळलं नाही. आणखी दहा पावलं गेले असते तर काय झालं असतं, हे तिनं बोलून दाखवलं नाही आणि मीही विचारलं नाही.

लेकराला छातीशी धरून ती रस्त्यात बसली. मग गाडीत बघितलं तर पितळी वाटी नाही, लाह्यांची पिशवी नाही, वडलांची एक वहाण नाही, आणि कनवटीची दोरी नाही. झोपेत ती सुटून साटीवर पडली असावी. लेकरानं हाताला लागेल ते एकेक करून रस्त्यावर टाकून दिलं होतं. आज माझ्या नातीला बघून मी सांगतो, या वयाला यापेक्षा आवडता खेळ नाही. बाई बैल झाडाला बांधून, लेकराला कडेवर घेऊन दीड कोस मागं चालत गेली. वाटी सापडली. पिशवी फाटलेली सापडली. दोरी सापडली नाही. सुतळीचा तुकडा, धुळीत, रस्त्याच्या रंगाचा.

"मग सर्जाचं नाव का घेतलं?" मी विचारलं.

"लेकरानं टाकली म्हणले असते, तर तू काय करीत हुतीस, असं आलं असतं," बाई म्हणाली. "झोपले हुते म्हणून सांगू? तुझ्या बापानं पुन्हा माझ्या हातात कासरा दिला नसता. लेकरूबी न्हाई."

बाई 2011 ला गेली.

आता माझा प्रवास. मुलगा चाकणला कंपनीत आहे. सुनेचं दुसरं बाळंतपण जवळ आलं म्हणून नात दोन महिने आमच्याकडं होती. एप्रिलमध्ये सून दवाखान्यात भरती झाली आणि त्याच आठवड्यात आमच्या मंडळी न्हाणीत घसरून मनगट मोडून बसल्या. नातीचं करणार कोण? मुलाला दवाखाना सोडता येईना. फोनवर तो म्हणाला, "आबा, कुणाला तरी सोबत घ्या." मी म्हणालो, "सोबत कशाला? चार तासांचा तर रस्ता." मी ट्रॅक्टर चालवतो, जीप चालवली आहे. मुलाची जुनी गाडी आमच्याच दारात होती. पण खरं सांगायचं तर त्या गाडीनं मी नगरच्या पुढं कधी गेलो नव्हतो. आणि लेकरू एकट्यानं चार तास सांभाळलं तर नव्हतंच. माझी स्वतःची तीन पोरं मोठी झाली, पण त्यांना भूक लागली का शी झाली हे बघणारं कुणी तरी नेहमी घरात होतं.

मागच्या सीटवर लेकराची खुर्ची बसवलेली होती. 2019 ला कायदा बदलला, आता पट्ट्याशिवाय किंवा अशा खुर्चीशिवाय मूल गाडीत बसवलं तर हजार रुपये दंड आहे. मुलानं ती आणली तेव्हा मला ते शहरी थेर वाटलं होतं. नातीला तिच्यात बसवून पट्टा लावताना लुगड्याची पट्टी आठवली. फरक एवढाच की बाईला लेकरू डोळ्यांपुढं होतं की नाही हे मान वळवली की दिसायचं, आणि बैल चालत राहायचे. गाडीत मान वळवता येत नाही. मागून फक्त आवाज येतो. आवाज आला की जीव त्रासतो, आणि आवाज थांबला की त्याहून जास्त.

सकाळी सातला निघालो. कडा येईपर्यंत ती खूश. मग "आबा, आई?" सुरू झालं. "आईकडंच चाललोय बाळा." दोन मिनिटं शांत, परत "आबा, आई?" चिचोंडीच्या अलीकडं मी उगाच वेग कमी केला. तिथं आता रस्ता रुंद झाला आहे, जुनी झाडं गेली आहेत. कुठल्या जागी बैल थांबले असतील, काही सांगता येत नाही. म्हशीची एक गोष्ट मला येते, ती नगरपर्यंत मोजून सोळा वेळा सांगितली. भिंगारला लष्कराच्या गाड्या दिसल्या म्हणून काच खाली केली, तिनं टाळ्या वाजवल्या. केडगावच्या पुढं थांबलो तेव्हा कळलं की तिच्या पायात एकच चप्पल आहे. "दुसरी कुठाय?" "गेली," ती म्हणाली आणि हात बाहेर फेकून दाखवला.

तिथपर्यंत मी हसत होतो.

सुप्याच्या अलीकडं एका रसवंतीपाशी थांबलो. साडेदहा-अकराचं ऊन. तिला सू करवली. मग ती खुर्चीत बसेना, पाठ ताठ करून रडायला लागली. तिला स्टिअरिंग धरायचं होतं. म्हटलं, धर घटकाभर. गाडी बंद करून तिला ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं, पडू नये म्हणून दार लावलं, आणि मागं डिकीतून तिचे कपडे काढायला गेलो. पिशवी घेतली, डिकी लावली. आणि कट्ट असा आवाज आला. तिनं दाराचं बटण खाली दाबलं होतं. एक दाबलं की चारही दारं बंद होतात. किल्ली आत, फोन आत. काचा पूर्ण वर, कारण एसी लावला होता.

पहिल्या मिनिटाला मला त्याचं गांभीर्य कळलं नाही. ती आतून हसत होती. मी बाहेरून बटण दाखवलं, "हे वर कर, वर." तिनं हॉर्न वाजवला. मग तिच्या कपाळावर घाम दिसला. मग ती रडायला लागली, आणि हात माझ्याकडं करून काचेला थापट्या मारायला लागली. काच पेटल्यासारखी तापलेली. माझे पाय गेले. त्रेसष्ट वर्षांचा माणूस मी, विहिरीत उतरलो आहे, साप हातानं धरले आहेत, पण मला काही सुचेना. मी नुसता दाराची कडी ओढत राहिलो. लोक जमले. एका ट्रकवाल्यानं दगड आणला, म्हणाला, "बाबा, पलीकडची मागची काच फोडतो." मी हो म्हणालो. त्यानं हात उचलला आणि पोरगी भिऊन किंचाळली, सीटच्या खाली जाऊन बसली. तेवढ्यात रसवंतीवाली बाई त्याला थांबवून पुढं आली. "तुम्ही समदे मागं व्हा. बाबा, तुमीबी. तुमचं तोंड बघून ती भ्यायलीय." तिनं यंत्राला बांधलेल्या घुंगरांची एक पट्टी सोडून आणली होती. काचेपाशी बसून ती वाजवली. पोरगी वर आली. बाईनं काचेवर बोट टेकवून खालून वर नेलं, तोंडानं "टुक्" केलं. पुन्हा घुंगरू, पुन्हा बोट, पुन्हा "टुक्". पोरीनं तिचं बघून काचेवर बोट फिरवलं. बाईनं बोट थोडं सरकवलं. असं सरकवत सरकवत बटणापाशी नेलं. ट्रकवाला दगड घेऊन मागच्या काचेपाशी उभाच होता. चौथ्या का पाचव्या वेळेला तिचं बोट बटणाखाली अडकलं आणि ते वर आलं.

सगळं मिळून दहा मिनिटं झाली असतील. पंधरा म्हणा. मी तिला बाहेर काढलं तेव्हा तिचं झबलं पिळून निघेल एवढं ओलं होतं. रसवंतीवालीनं तिच्या तोंडावर पाणी मारलं, डोक्यावर ओला पंचा ठेवला, थोडं थोडं पाणी पाजलं. पैसे घेतले नाहीत. मला मात्र चार लोकांत झापलं. "किल्ली खिशात ठेवायची येवढं कळंना का बाबा? घरात कुणी बाईमाणूस न्हाई का?" मी काय बोलणार होतो. रसवंतीच्या सावलीत तास-दीड तास बसलो. पोरगी दहा मिनिटांत सगळं विसरून घुंगरू वाजवायला लागली. माझे हात स्टिअरिंगवर स्थिर होईनात म्हणून बसलो होतो.

पुढचा रस्ता, शिरूर, रांजणगाव, शिक्रापूरला चाकणचं वळण, मला धड आठवत नाही. ती झोपली होती. दर पाच मिनिटांनी मी गाडी कडेला घेऊन मागं वळून तिचं पोट हलतं का बघत होतो. चाकणला पोचलो तेव्हा तीन वाजले होते. मुलगा दारात वाट बघत उभा. "आबा, फोन का उचलत नव्हता? एवढा उशीर?"

"पंक्चर झालं," मी म्हणालो. किती सहज म्हणालो. आधी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून आलं ते तेच.

मुलानं पिशव्या काढायला डिकी उघडली. स्टेपनीवर आमच्या गावची तांबडी धूळ जशीच्या तशी बसलेली होती, एक बोट उठलेलं नव्हतं. त्यानं स्टेपनीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि पिशव्या घेऊन वर गेला. त्यानं तेव्हा विचारलं नाही, नंतरही नाही. मला वाटतं त्याला काहीतरी कळलं असावं, आणि मी त्याचा बाप आहे म्हणून तो गप्प राहिला. सुनेला अजून कुणी काही सांगितलेलं नाही. तिला नातू झाला, दोघंही बरी आहेत. या दिवाळीला ती म्हणत होती की दोन्ही पोरांना उन्हाळ्यात गावी पाठवते, आबा येऊन घेऊन जातील. ती वाचणारी आहे, हे पुस्तक आलं की वाचील. मग पाठवते का बघू.

भावाला मात्र मी सगळं सांगितलं, दोरीचंही आणि गाडीचंही. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मला काहीच आठवत नाही रे दादा." आणि कमरेला हात लावून बघितला.

नातीची ती एक चप्पल अजून सीटखाली आहे. काढायची राहून गेली.